एक घर पुढे सरकलेले प्यादे

बुद्धिबळाच्या इतिहासात गाजलेले डाव बहुधा एखाद्या चमकदार बलिदानामुळे गाजतात. कोणी वजीर देऊन मात केलेली असते, कोणी दोन्ही हत्ती उधळून राजाला पटाच्या मध्यभागी ओढून आणलेले असते. असे डाव वाचकांच्या लक्षात राहतात आणि राहणे योग्यच आहे. परंतु आज मी ज्या डावाविषयी लिहिणार आहे, त्यात माझे मन गुंतले ते पाचव्या खेळीत. ती खेळी इतकी साधी आहे की नवशिक्याने ती केली तर शेजारी उभा असलेला जाणता माणूस त्याला टोकल्यावाचून राहणार नाही. पांढऱ्याने आपल्या वजिराच्या बाजूच्या हत्तीपुढील प्यादे एक घर, फक्त एकच घर, पुढे सरकवले. एवढीच ती खेळी. समोर बसले होते क्युबाचे होसे राउल कापाब्लांका, १९२१ ते १९२७ या काळातील जगज्जेते. प्यादे सरकवणारे होते पंजाबातील मिठा टिवाणा या गावाचे सुलतान खान. स्थळ इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील हेस्टिंग्ज, आणि प्रसंग १९३०-३१ च्या नाताळातील तेथील वार्षिक स्पर्धेचा.

कापाब्लांका हे नाव आज केवळ नाव म्हणून उरले असले, तरी त्या काळी त्याचा दरारा काय होता हे थोडे सांगितले पाहिजे. १९१६ पासून १९२४ पर्यंत, म्हणजे सुमारे आठ वर्षे, हा माणूस स्पर्धेतील एकही डाव हरला नव्हता. न्यूयॉर्कच्या १९२४ च्या स्पर्धेत रेटी यांनी त्यांना हरवले, तेव्हा ती जगभरची बातमी झाली. त्यांच्या खेळात खटपट दिसत नसे. मोहरे जणू आपण होऊन योग्य घरी जाऊन बसत. जगज्जेतेपद अलेखाइन यांच्याकडे गेल्यानंतरही त्यांना हरवणे हा दुर्मीळ योग समजला जाई. हेस्टिंग्जच्या त्या स्पर्धेत ते नऊ फेऱ्यांत एकच डाव हरले, आणि तो हाच.

आता सुलतान खान. त्यांच्याविषयी जे लिहिले गेले आहे त्यात दंतकथेचा अंश पुष्कळ आहे, म्हणून जेवढे निश्चित आहे तेवढेच सांगतो. वयाच्या नवव्या वर्षी ते वडिलांकडून बुद्धिबळ शिकले, आणि तारुण्यात पदार्पण करीपर्यंत पंजाबातील उत्तम खेळाडूंत त्यांची गणना होऊ लागली. परंतु ते खेळत असलेले बुद्धिबळ आणि हेस्टिंग्जला खेळले जाणारे बुद्धिबळ या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. सर उमर हयात खान टिवाणा नावाचे तेथील एक बडे जमीनदार होते. सरकारदरबारी त्यांचे वजन मोठे आणि बुद्धिबळाचा शौकही तसाच. १९२६ च्या सुमारास त्यांनी सुलतान खानांना आपल्या आश्रयास घेतले आणि विलायती नियमांचे शिक्षण देवविले. १९२८ मध्ये अखिल भारतीय अजिंक्यपदाची स्पर्धा झाली. तीत सुलतान खानांनी नऊ डावांपैकी आठ जिंकले व एक बरोबरीत सोडवला. पुढील वर्षी सर उमर विलायतेस निघाले, तेव्हा त्यांनी या तरुणाला बरोबर नेले.

येथे देशी आणि विलायती खेळातला फरक सांगणे अवश्य आहे, कारण माझ्या म्हणण्याचा सारा भार त्यावरच आहे. आमच्या पिढीतील पुष्कळ वाचकांनी देवळाच्या ओट्यावर किंवा वाड्याच्या सोप्यात देशी डाव पाहिले असतील. तरुण वाचकांना मात्र ते नियम ऐकूनही ठाऊक नसण्याचा संभव आहे. देशी खेळात प्यादे आरंभी दोन घरे उडी घेत नाही, एकेक घरच चालते. विलायती खेळातील किल्लेकोट, म्हणजे राजा व हत्ती यांची एकाच खेळीत होणारी अदलाबदल, देशी खेळात नाही. त्याऐवजी राजाला शह लागलेला नसेल तर आयुष्यात एकदा घोड्याची चाल चालण्याची मुभा असते. शेवटच्या घरात पोचलेल्या प्याद्याचा हवा तेव्हा वजीर होत नाही. ते ज्या घरात पोचले त्या घराचा जो मूळचा मोहरा, त्याचे रूप त्याला मिळते. प्रांतोप्रांती यात बारीकसारीक भेद होते. एका गावचा खेळाडू दुसऱ्या गावी गेला की आधी नियम ठरवण्यावरूनच अर्धा तास वाद होई, आणि तो वाद डावापेक्षा अधिक रंगे.

प्यादे एकेक घर चालते या एका नियमाचा परिणाम फार दूरवर जातो. विलायती डावात पहिल्या दोन-तीन खेळ्यांतच पटाच्या मध्यावर प्याद्यांची टक्कर होते आणि मोहऱ्यांना वाटा मोकळ्या होतात. म्हणून तिकडील पुस्तके पहिल्या धड्यातच बजावतात, की वेळ दवडू नका, मोहरे बाहेर काढा, कडेच्या प्याद्यांना हात लावू नका. देशी डावात अशी घाई करून भागत नाही. तेथे दोन्ही बाजू आपापल्या अंगणात बराच वेळ मांडामांड करीत असतात. कोणत्या प्याद्याने कोणाला जोर द्यायचा, कोणते घर शत्रूच्या उंटाला नाकारायचे, हाच विचार आधी होतो. एक घर पुढे सरकलेले प्यादे ही तेथे फुकट गेलेली खेळी मानली जात नाही. तो घराच्या कुंपणाचा एक खांब असतो.

विलायतेतील जाणत्यांनी सुलतान खानांविषयी पहिल्यापासून एक मत ठरवून टाकले होते. डावाचा उत्तरार्ध हा माणूस अद्भुत खेळतो, पण आरंभाचे ज्ञान त्याला नाही, असे ते मत. ते निराधार होते असे म्हणता येणार नाही. ओपनिंगचे जे शास्त्र युरोपात पिढ्यान् पिढ्या छापले जात होते, ते त्यांनी अभ्यासले नव्हते. लंडनला पोचल्यावर विल्यम विंटर आणि फ्रेडरिक येट्स या दोन इंग्रज खेळाडूंनी त्यांना त्याचे धडे दिले. त्यातच इंग्लंडची थंडी आणि हिवताप यांनी ते बेजार असत. तरीही १९२९ च्या उन्हाळ्यात रॅम्सगेट येथे ते ब्रिटिश अजिंक्यवीर झाले, तेव्हा त्यांना इंग्लंडच्या भूमीवर उतरून वर्षही झाले नव्हते. आम्ही शिक्षक मंडळी एक गोष्ट वारंवार पाहतो. उत्तर बरोबर आणि रीत पुस्तकातली नाही, अशी उत्तरपत्रिका हाती आली की परीक्षकाची लाल पेन्सिल घुटमळते. रीत चूक ठरवावी, तर उत्तर आडवे येते. सुलतान खानांच्या बाबतीत युरोपची लाल पेन्सिल अशीच घुटमळत राहिली, असे मला वाटते.

आता तो डाव. वाचकांनी पट मांडून घेतला तर अधिक बरे.

सुलतान खानांनी राजाच्या बाजूचा घोडा काढून आरंभ केला आणि कापाब्लांकांनी तसाच घोडा काढला. मग पांढऱ्याने वजिरापुढील प्यादे दोन घरे नेले. कापाब्लांकांनी वजिराच्या बाजूच्या घोड्यापुढील प्यादे एक घर सरकवले. पांढऱ्याचे उंटापुढील प्यादे दोन घरे आले आणि काळ्याने आपला उंट त्या सरकलेल्या प्याद्याने मोकळ्या केलेल्या घरी आणून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतच्या तिरकस घरांवर रोखला. या मांडणीला ‘क्वीन्स इंडियन’ बचाव म्हणतात. येथे जरा थांबावेसे वाटते, कारण या नावातच एक गंमत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यात जॉन कॉक्रेन नावाचा एक स्कॉटिश नामांकित खेळाडू होता. त्याचा नेहमीचा प्रतिस्पर्धी मोहेशचंद्र बॅनर्जी हा बंगाली गृहस्थ. मोहेशचंद्रांना देशी खेळाची सवय असल्याने विलायती नियमांनी खेळतानाही ते प्यादी एकेक घर सरकवीत आणि उंट बाजूच्या त्या छोट्या घरात बसवीत. कॉक्रेनमुळे ते डाव छापून राहिले आणि पुढे अशा सर्वच मांडण्यांना ‘इंडियन’ हे नाव पडले. निम्झोव्हिच आदी युरोपीय पंडितांनी त्यांचे शास्त्र बनवले. तेव्हा हेस्टिंग्जच्या त्या टेबलावर क्युबाचा माजी जगज्जेता ‘हिंदी’ बचाव खेळत होता आणि खऱ्याखुऱ्या हिंदी माणसाला त्यावर हल्ला करायचा होता.

चौथ्या खेळीत पांढऱ्याने दुसरा घोडा काढला आणि काळ्याने राजापुढील प्यादे एक घर सरकवले. त्याबरोबर काळ्याच्या दुसऱ्या उंटाची वाट मोकळी झाली. तो उंट आता पुढे येऊन पांढऱ्याच्या नुकत्याच निघालेल्या घोड्याला राजासमोर जखडून टाकू शकत होता. हा बचाव खेळणाऱ्याचा सारा डोळा पटाच्या मध्यावरील पांढऱ्या घरांवर असतो, आणि त्या घरांना मुख्य जोर याच घोड्याचा असतो. घोडा जखडला की मध्यावरची पकड गेली.

अशा वेळी सुलतान खानांनी ते कडेचे प्यादे एक घर सरकवले. उंटाला यायचे घर बंद झाले. पुस्तकाच्या दृष्टीने पाहिले तर पांढऱ्याची एक खेळी मोहरा बाहेर न काढता गेली. देशी खेळाडूच्या दृष्टीने पाहिले तर शत्रू अंगणात येण्याच्या आधी फाटकाला कडी घातली, यात विशेष ते काय?

कापाब्लांकांनी उत्तर म्हणून वजिरापुढील प्यादे दोन घरे पुढे आणून मध्यावर टक्कर दिली. सुलतान खानांनी ते प्यादे मारले आणि काळ्याने राजापुढील प्याद्याने परत मारले. सहा खेळ्या झाल्या. पट पाहा. काळ्याचा तो उंट ज्या लांब तिरकस वाटेवर मोठ्या आशेने बसवला होता, त्या वाटेत आता त्याचेच प्यादे पक्के उभे आहे. पुढे डावभर हे प्यादे तेथून हलले नाही आणि उंट त्याच्या पाठीकडे पाहत बसून राहिला. कापाब्लांकांसारख्या माणसाला हे दिसले नसेल असे कोण म्हणेल? बहुधा त्यांना वाटले असावे की एका फुकट खेळीच्या मोबदल्यात एवढे ओझे सहज पेलता येईल.

त्यानंतरच्या काही खेळ्या भरभर सांगतो. पांढऱ्याचे दोन्ही उंट बाहेर आले आणि काळ्याने किल्लेकोट करून राजा सुरक्षित केला. मग एक घोडा मध्यावर पुढे रोवून त्याला उंटापुढील प्याद्याचा जोर दिला. हे काळ्याच्या हल्ल्याचे ठरलेले रूप आहे. बाराव्या खेळीत सुलतान खानांनी आपला घोडा काळ्याच्या वजिराच्या बाजूला घुसवला. त्याला अडवण्यास कापाब्लांकांनी उंट पुढे केला. घोड्याने उंट मारला आणि काळ्याने प्याद्याने घोडा मारला. परिणामी काळ्याची दोन प्यादी एकाच उभ्या रांगेत एकामागे एक अडकली आणि पांढऱ्याकडे दोन्ही उंट राहिले. काळ्याला मिळाली ती एक मोकळी उभी रांग. तिच्यावर हत्ती आणून बसवणे त्यांना क्रमप्राप्तच होते.

चौदाव्या खेळीत सुलतान खानांनी राजाच्या बाजूच्या हत्तीपुढील प्यादे दोन घरे नेले. या खेळीचा अर्थ असा की आपण किल्लेकोट करणार नाही. या डावात त्यांनी तो केलाच नाही. मध्यावरची प्यादी एकमेकांत गुंतून पडली होती, त्या भिंतीआड राजाला भय नव्हते. देशी पद्धतीत राजाला कोपऱ्यात कोंडण्याची सोयच नसते, त्यामुळे उघड्यावरचा राजा पाहून त्या परंपरेतला खेळाडू घाबरत नाही. आपल्या राजाला किती धोका आहे हे तो हिशेबाने पाहतो. सतराव्या खेळीत मध्यावरच्या घोड्यांची मारामारी झाली आणि काळ्याचे आणखी एक प्यादे मध्यावर येऊन त्या भिंतीत चिणले गेले.

अठराव्या ते एकविसाव्या खेळीचा भाग हा डावाचा मर्मभाग. कापाब्लांकांनी दोन्ही हत्ती त्या मोकळ्या रांगेत एकामागे एक आणले. देखावा भारदस्त होता. सुलतान खानांनी तिकडे लक्ष न देता राजाच्या बाजूच्या घोड्यापुढील प्यादे दोन घरे आणि लगेच आणखी एक घर पुढे रेटले. त्याने काळ्याच्या घोड्याला हुसकावले. घोडा मागच्या रांगेत गेला. घोडा हलताच पांढऱ्या उंटाला नवे घर मोकळे झाले. तो तेथे आला आणि त्याचा रोख थेट मागच्या हत्तीवर बसला.

कापाब्लांकांपुढे आता निर्णय होता. हत्ती मागे घेऊन बचाव करीत बसणे त्यांच्या प्रकृतीला मानवले नसावे. त्यांनी पुढचा हत्ती पांढऱ्याच्या अगदी शेवटच्या रांगेत घुसवून राजाला शह दिला. राजा एक घर पुढे आला. मग दुसऱ्या हत्तीचा शह. सुलतान खानांनी वजिराने तो हत्ती मारला, काळ्याने उरलेल्या हत्तीने वजीर मारला आणि पांढऱ्या राजाने तो हत्तीही मारला. धूळ खाली बसली तेव्हा हिशेब असा होता. काळ्याने वजीर मिळवला, त्यासाठी दोन हत्ती दिले. पांढऱ्याकडे दोन हत्ती आणि दोन उंट, काळ्याकडे वजीर, एक उंट आणि एक घोडा. प्यादी दोघांची सात-सात.

अशा स्थितीत नवख्याचा जीव वजिराकडे ओढला जातो. मोकळ्या पटावर वजीर खरोखरच भयंकर असतो, पाच-पन्नास घरांत तो एकटा धुमाकूळ घालतो. पण हा पट मोकळा होता कुठे? मध्यावर प्याद्यांची भिंत, काळ्याचा उंट त्या भिंतीमागे कोंडलेला. वजिराने पुढील दोन खेळ्यांत पांढऱ्याच्या प्रदेशाच्या तोंडाशी धाव घेतली आणि कोपऱ्याजवळच्या प्याद्यावर नजर ठेवली. सुलतान खानांनी एक हत्ती त्या प्याद्याच्या पाठीशी आणला, दुसरा हत्ती त्या मोकळ्या रांगेत आणला आणि मग तोच हत्ती दोन घरे पुढे सरकवून वजिराला परत पिटाळले. तिसाव्या खेळीत पहिल्या हत्तीसमोर उभे असलेले ते प्यादे दोन घरे गेले. त्याला आधार कोणाचा होता? पाचव्या खेळीत एक घर पुढे येऊन तोपर्यंत जागीच उभ्या असलेल्या त्या कडेच्या प्याद्याचा. काळ्याच्या वजिराला त्या बाजूने आत येण्यास आता जागा उरली नाही. ज्या उभ्या रांगेसाठी कापाब्लांकांनी एवढा खटाटोप केला, ती रांग पांढऱ्या हत्तींच्या ताब्यात गेली.

तेथून पुढे पस्तीस खेळ्या डाव चालला. या पस्तीस खेळ्यांत गाजावाजा नाही. मी त्यांचे वर्णन करीत नाही, कारण ते एखाद्या विहिरीचे पाणी उपसण्याच्या वर्णनासारखे होईल. पण ज्याला चिकाटीचा खेळ काय असतो ते पाहायचे आहे, त्याने त्या स्वतः पटावर मांडून पाहाव्यात. कापाब्लांका स्वतः अशाच रीतीने दुसऱ्यांना हरवीत असत. ६५ व्या खेळीनंतर डाव संपला आणि सुलतान खान जिंकले. स्पर्धेत पहिले आले हॉलंडचे माक्स यूवे, सात गुणांनी. कापाब्लांका साडेसहा गुणांनी दुसरे आणि सुलतान खान सहा गुणांनी तिसरे. हेच यूवे पुढे १९३५ मध्ये जगज्जेते झाले.

त्या पाचव्या खेळीचे पुढे काय झाले ते सांगण्यासारखे आहे. पुष्कळ वर्षे ती कोणी फारशी मनावर घेतली नाही. १९६० नंतर आर्मेनियाच्या टिग्रान पेट्रोस्यान यांनी क्वीन्स इंडियनविरुद्ध तेच कडेचे प्यादे सरकवण्यास सुरुवात केली. पेट्रोस्यान १९६३ ते १९६९ जगज्जेते होते आणि शत्रूचा बेत तयार होण्याआधीच त्याची वाट बंद करणे हा त्यांच्या खेळाचा स्वभाव होता. त्यांच्या नावावरून या मांडणीला पेट्रोस्यान प्रकार म्हणू लागले. पुढे १९८० नंतर तरुण गॅरी कास्पारोव्ह यांनी हीच खेळी हल्ल्याचे शस्त्र म्हणून वापरली. १९८३ मध्ये निकशिच येथील स्पर्धेत त्यांनी हंगेरीचे लायोश पोर्टिश यांना हरवले, तो डाव अभ्यासकांना पाठ असतो. तो डाव काढून पाहा. आरंभीच्या खेळ्यांचा क्रम थोडा वेगळा आहे, परंतु सहाव्या खेळीत पांढऱ्याने प्यादे मारल्यानंतर पटावरची स्थिती हेस्टिंग्जच्या डावातील स्थितीशी मोहरान् मोहरा जुळते. फरक त्यापुढे पडतो. कापाब्लांकांनी प्याद्याने परत मारले होते, पोर्टिश यांनी घोड्याने मारले. त्रेपन्न वर्षांच्या अनुभवानंतर काळ्याच्या बाजूने एवढी सुधारणा झाली होती. पांढऱ्याच्या बाजूने सुधारण्यासारखे काही नव्हते.

सुलतान खानांनी ही मांडणी शोधून काढली, असा दावा मी करणार नाही. तसे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही आणि त्यांना त्याची गरजही नाही. माझे म्हणणे इतकेच, की ज्या खेळीला ‘आरंभाचे अज्ञान’ या सदरात टाकण्याची सवय पंडितांना होती, ती खेळी एका जुन्या आणि पूर्ण विचार केलेल्या खेळाच्या शिस्तीतून आली होती. ते ज्ञान त्यांच्या पुस्तकांत नव्हते, एवढ्यावरून ते ज्ञानच नव्हे असा निष्कर्ष काढला गेला.

१९३१ च्या प्राग ऑलिंपियाडमध्ये इंग्लंडच्या पहिल्या पटावर खेळताना सुलतान खानांनी रुबिनश्टाइन व फ्लोर या दोघांना हरवले आणि जगज्जेते अलेखाइन यांच्याशी बरोबरी केली. त्याच वर्षी टार्टाकोव्हर यांना बारा डावांच्या सामन्यात एका गुणाने मात दिली. १९३२ आणि १९३३ मध्ये ते पुन्हा ब्रिटिश अजिंक्यवीर झाले. १९३३ साली स्त्रियांचे ब्रिटिश अजिंक्यपद फातिमा नावाच्या तरुणीने जिंकले. तीही सर उमर यांच्याच घरची. त्याच वर्षी अमेरिकन संघ लंडनमध्ये सर उमर यांच्याकडे जेवायला गेला असता सुलतान खान वाढप्याचे काम करताना दिसले, असे त्या संघातील रूबेन फाइन यांनी लिहून ठेवले आहे. ही गोष्ट इतक्या वेळा छापली गेली, की ‘निरक्षर नोकर’ हीच त्यांची ओळख बनली. २०२० मध्ये त्यांचे चरित्र निघाले, त्याच्या नावातही ‘नोकर’ हा शब्द होता. त्यांच्या नातीने त्यावर जाहीर हरकत घेतली. आपले आजोबा पीर आणि जमीनदार घराण्यातले होते, नोकर नव्हते, असे तिचे म्हणणे आहे. पंजाबी घरात पाहुण्यांना घरच्या माणसाने स्वतः वाढणे आणि विलायती घरात वाढप्याने वाढणे, यांतला भेद फाइन यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आपल्याकडे पंगतीत यजमान स्वतः आग्रह करीत फिरतो, तेव्हा त्याला आचारी कोण समजतो?

१९३३ च्या अखेरीस सर उमर यांच्याबरोबर सुलतान खान हिंदुस्थानात परतले. १९३५ मध्ये आपल्या मराठी मंडळीतील त्या काळचे नामांकित खेळाडू वि. का. खाडिलकर यांच्याशी त्यांचा दहा डावांचा सामना झाला. खाडिलकर हे स्वतः विलायतेत जाऊन ब्रिटिश स्पर्धेत खेळून आलेले. त्या दहा डावांत एकच डाव बरोबरीत सुटला, बाकीचे नऊ सुलतान खानांनी जिंकले. खाडिलकरांच्या नावे मिळालेला तो अर्धा गुण मी तरी मोठा मानतो. त्यानंतर मोठ्या स्पर्धांत सुलतान खान दिसले नाहीत. आपल्या गावाकडे ते शेतीवाडी पाहत राहिले आणि फाळणीनंतर तो मुलूख पाकिस्तानात गेला. बुद्धिबळ सोडून काही उपयोगाचे करा, असे ते मुलांना सांगत, असे त्यांच्या मुलाने सांगितले आहे. या वाक्यामागे कडवटपणा होता की खेड्यातल्या बापाचा साधा व्यवहार होता, हे आपण इतक्या दुरून कसे ठरवणार? २५ एप्रिल १९६६ रोजी सरगोधा येथे क्षयाने त्यांचे निधन झाले.

१९५० मध्ये जागतिक बुद्धिबळ संघटनेने, म्हणजे ‘फिडे’ने, प्रथमच ग्रँडमास्टर हा किताब अधिकृतपणे दिला, तेव्हा त्या पहिल्या यादीत सत्तावीस नावे होती. ज्यांचा उमेदीचा काळ केव्हाच सरला होता अशा काही वृद्ध खेळाडूंचाही त्यात पूर्वकर्तृत्वाबद्दल समावेश झाला. प्रागला सुलतान खानांकडून हरलेले रुबिनश्टाइन त्यात होते आणि फ्लोरही होते. सामन्यात हरलेले टार्टाकोव्हरही होते. सुलतान खान तेव्हा हयात होते, त्यांचे नाव मात्र यादीत नव्हते. २०२४ च्या फेब्रुवारीत फिडेचे अध्यक्ष पाकिस्तानच्या भेटीस गेले असता सुलतान खानांना मरणोत्तर सन्माननीय ग्रँडमास्टर हा किताब देण्यात आला.

हेस्टिंग्जचा तो डाव आजच्या सूच्यांमध्ये क्वीन्स इंडियन बचावाच्या ई-१२ या क्रमांकाखाली सापडतो. पाचवी खेळी, पांढरे प्यादे ए-३.